पलंगाखालच्या विटा

रोडपालीतल्या आमच्या तळमजल्याच्या घरात एकदा खाडीचं पाणी शिरलं, तेव्हापासून पावसाळ्याची तयारी बाबांनी स्वतःकडे घेतली. ते जासईच्या कंटेनर यार्डात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर मोठ्या भरतीच्या वेळा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवायचे. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत जायची, तांदळाचा डबा माळ्यावर. पक्षाघाताने अंथरुणाला खिळले तरी पडल्यापडल्या सूचना चालूच. त्यांच्याच सांगण्यावरून मी त्यांच्या पलंगाच्या चारही पायांखाली तीन-तीन विटा लावल्या. "अजून एक लाव," म्हणाले. लावली.

त्या जुलैत सकाळीच मोबाइलवर रेड अलर्ट आला. भरती दुपारची होती. दहाच्या सुमाराला गटाराचं पाणी रस्त्यावर आलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू धावत खाली आल्या.

"यांना आत्ताच वर आणा. नंतर पाण्यातून कसं नेणार?"

बाबांनी मान हलवली. एरवी ते घरात शहरासारखं बोलत, पण आजारपणात त्यांच्या तोंडी पुन्हा गावची बोली आली होती. "मना वर नको नेव. आपलेच घरान बरा हाय मी. विटा लावल्यास ना?"

"बाबा, चार-पाच तासांचा तर प्रश्न आहे."

"नाय." मग त्यांनी आईकडे बघितलं. आई त्यांच्या गोळ्या पिशवीत भरत राहिली.

मी हो म्हटल्यावर काकूंचे यजमान आणि समोरच्या घरातले दादा यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. जिन्यात त्यांची लुंगी सुटली. एक हात लुळा, दुसऱ्याने खुर्ची घट्ट धरलेली. मी पुढे होऊन लुंगी सावरली. बाबांनी डोळे मिटले ते काकूंच्या हॉलमध्ये खुर्ची टेकेपर्यंत उघडले नाहीत.

दुपारी पाणी घरात शिरलं. काकूंनी पेज केली, बाबांनी दोनच चमचे घेतले. संध्याकाळी त्यांचा श्वास बदलला. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावत होते. रस्त्यात पाणी आहे, गाडी पुढे येत नाही, एवढंच उत्तर मिळत होतं. आईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दिवेलागणीच्या वेळी, परक्या दिवाणावर, बाबा गेले.

त्यांच्या घरात हे घडलं म्हणून मी काकूंचे हात धरून माफी मागायला लागले. त्यांनी मला गप्प केलं, उशाशी दिवा लावला आणि रात्रभर आमच्याजवळ बसून राहिल्या.

सकाळी पाणी उतरल्यावर मी एकटीच खाली गेले. भिंतीवर चिखलाची रेघ उमटली होती. पलंगाखालची दुसरी वीट ओली होती, तिसरी आणि चौथी कोरडी. वर चादर, उशी, काल सकाळी घडी करून ठेवलेली त्यांची शाल, सगळं जसंच्या तसं.

आई कधी मागे येऊन उभी राहिली कळलं नाही.

"मीच नेलं त्यांना," मी म्हटलं. "ते नको म्हणत होते."

आईने वाकून कोरड्या विटेवर हात ठेवला. "माझ्याकडे बघितलं त्यांनी," ती म्हणाली. "मी एक शब्द बोलले असते तर तू थांबली असतीस. मीसुद्धा घाबरले होते गं."

मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण दोघींचे पाय चिखलात रुतलेले. जिन्यावर माणसांची चाहूल लागली. नेऱ्याहून आत्या निघाली होती, घरात पाय ठेवायला जागा हवी होती. आईने पदर खोचला, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि दाराच्या दिशेने चिखल लोटायला लागली.