गवत कापायची गाडी

निघालो त्या सकाळी भाईजान खळ्यात उभे होते. खळं म्हणजे आमच्याकडे घरासमोरचं सारवलेलं अंगण. सामान डोक्यावर घेऊन माणसं एस्टीच्या फाट्याकडे पुढे गेली होती. माझी बायको रुखसाना आमच्या शबानाचा हात धरून पायरीवर थांबली होती. त्या दोघींची ही पहिलीच खेप, फॅमिली व्हिसावर. मी थोरल्या भावाची गळाभेट घेतली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुला काय कमी? तुला बहरीन आहे."

हेच वाक्य त्यांनी वाटणीच्या वेळीही ऐकवलं होतं. घर, खळं आणि मागची नारळाची बाग त्यांच्याकडे गेली. माझ्या वाट्याला सड्यावरचा, म्हणजे डोंगरपठारावरचा कातळ आला, जिथे पावसाळ्यात गवत वाढतं आणि उरलेलं वर्ष नुसतं ऊन पडतं. घराची गळकी कौलं काढून वर स्लॅब पडला तो माझ्या पगारातून, हे पंचांपैकी एकालाही आठवलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. याला बहरीन आहे.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांना विचारतो, आणि माझ्यासारखे निघून आलात त्यांनाही. बहरीन कुणाचं असतं? ज्याचा व्हिसा संपत आला की छातीत धडधड सुरू होते, त्याचं?

त्या रागावर मी बरीच वर्षं काढली. राग ही वाईट गोष्ट आहे असं लोक म्हणतात. मला तर तो पेट्रोलसारखा उपयोगी पडला. बाब अल बहरीन या बाजाराच्या वेशीमागच्या गल्लीत ज्या हार्डवेअरच्या दुकानात मी रंगाचे डबे उचलायला लागलो, तेच दुकान पुढे मी चालवायला घेतलं. अब्बा म्हणायचे, भाव विचारायला पैसे पडत नाहीत. मी प्रत्येक गोष्टीचा भाव विचारत गेलो आणि प्रत्येक भावावर भांडत गेलो. कुवेतचं युद्ध संपल्यावर धंदा सावरला, तेव्हा कुठे बायकोमुलीला आणायची ऐपत आली.

आणलं ते झिंजमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीच्या एसींच्या पाठी दिसायच्या. शबाना जिन्यात खेळायची आणि वॉचमन तिला हाकलायचा. आमच्या घरात ओरडणारा मी. रुखसाना ओरडत नाही, म्हणून ती बोलली की ऐकावं लागतं. एकदा जेवताना ती म्हणाली, "शाळेला सुट्टी लागली की आम्ही जातो. भाईजानच्या घरात एका खोलीत राहू, पण दाराबाहेर माती तरी असेल."

भाईजानच्या घरात, एका खोलीत. माझ्या पैशाच्या स्लॅबखाली, त्यांच्या मेहेरबानीवर. सुट्टीच्या आत माती असलेलं घर शोधायचं, नाहीतर माझा संसार पुन्हा पाकिटातल्या फोटोत जाणार, एवढं त्या ताटावरच ठरलं.

घर मिळालं ते भांडणातून. उम्म यूसुफ नावाची एक म्हातारी विधवा दुकानात यायची. बागेच्या पाइपवरून आम्ही दोघं अर्धा तास भांडलो. ती अरबी मिसळलेल्या हिंदीत, मी कोकणी मिसळलेल्या हिंदीत. शेवटी तिने पाइप माझ्या भावाने घेतला, एक नळ मात्र फुकट नेला. दोघंही खूश. जाताना तिने विचारलं, बुसैतीनला तिच्या शेजारचं जुनं घर रिकामं आहे, कुणी बायकामुलांचा माणूस माहीत आहे का. मी म्हटलं, समोर उभा आहे.

घर छोटं, पण आवार एवढं मोठं की एस्टीचा डेपो उभा राहील. तिच्या नवऱ्याने शेजारचा प्लॉट घेऊन सगळीकडे हिरवळ लावली होती. चार खजुरीची झाडं आणि मध्ये गवत. भाडं मला परवडणारं होतं, पण अट होती. तिचा मुलगा यूसुफ कॉन्ट्रॅक्टर. त्याला तिथे ट्रक उभे करायचे होते. आईच्या हट्टापुढे तो एवढंच वाकला होता की बकरी ईदनंतरच्या पहिल्या शुक्रवारी येऊन बघेन. नीट कापलेली हिरवळ असेल तर भाडेकरू राहील, जंगल किंवा माती असेल तर ट्रक येतील. मी लगेच हो म्हटलं. गवत तर माझ्या वाटणीतच आलेलं होतं.

पहिल्या आठवड्यात हाताने ढकलून गवत कापायचं मशीन आणलं आणि पहिल्याच दिवशी कंबर धरली. रंगाचे डबे उचलून ती आधीच गेलेली होती. माळी बघितला. तो महिन्याचा आकडा सांगून वर मलाच गवताची अक्कल शिकवायला लागला, तेव्हा त्याच्याशी भांडण झालं आणि तो गेला. रुखसाना म्हणाली, "आता उरलेल्या माळ्यांशी कधी भांडणार, तेवढं सांगा."

मग मला बसून चालवायच्या गाडीचं वेड लागलं. खाली पाती, वर सीट, पुढे इंजिन. शोरूममध्ये गेलो. सेल्समनने आधी माझ्या चपलांकडे बघितलं आणि मग किंमत सांगितली. तेवढ्या पैशात इथे एक बरी जुनी मोटार येते. मी त्याला तसं सांगितलं, जरा मोठ्या आवाजात, आणि बाहेर पडलो. पण रिकाम्या हाताने नाही. कुठल्या मॉडेलचं काय बिघडतं, पट्टा कुठला लागतो, हे त्याच्या तोंडून काढून घेतलं होतं. घ्यायची ऐपत नसली तरी विचारायची असते.

दुसरी गाडी एका गोऱ्या कुटुंबाची. देश सोडून चालले होते आणि कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावली होती. गाडी नवरीसारखी लाल आणि चकचकीत. मी खाली वाकून पात्यांवरच्या पत्र्याच्या आत हात घातला, तर गंजाचे पापुद्रे हातात आले. वरून रंग मारलेला. हार्डवेअरवाल्याला रंगाने फसवता? साहेब फार सभ्य होता, त्यामुळे नीट भांडताही आलं नाही.

तिसरी गाडी एका हॉटेलच्या मागच्या शेडमध्ये मिळाली. हॉटेलने मोठी घेतली होती आणि ही जुनी तिथल्या बागेच्या सुपरवायझरने स्वतःसाठी विकत घेऊन ठेवली होती. नाव डॉमनिक. रंग उडालेला, सीटला चिकटपट्टी, पण पत्रा शाबूत. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. तिचा पट्टा आमच्या गल्लीत मिळणारा, रुंदी बुसैतीनच्या फाटकातून जेमतेम जाणारी, आणि खजुरीभोवती वळेल एवढी ती आखूड. मला हवी होती ती हीच. म्हणून मी तिला नावं ठेवायला सुरुवात केली.

तीन संध्याकाळी आम्ही हिंदीत घासाघीस केली. तिसऱ्या संध्याकाळी मी टायरला लाथ मारून म्हटलं की हे भंगार आहे. डॉमनिकने टोपी काढली आणि आकाशाकडे बघून स्वतःशीच बोलला, "ह्याच्या सात पिढ्यांत कुणी मशीन बघितलंय का."

अस्सल मराठीत. मी म्हटलं, "पिढ्यांवर जायचं नाही. भावाचं बोला."

तो बघतच राहिला. तो वसईचा, मी रत्नागिरीचा, आणि तीन दिवस आम्ही दोघं मोडक्या हिंदीत एकमेकांना फसवत होतो. चहा आला. आता भाव उतरणार, असं मी मनात धरलं. डॉमनिक कप खाली ठेवत म्हणाला, "गाववाले निघालात, आता खोटं बोलता येणार नाही. जी खरी किंमत होती ती सांगतो. तिच्यात एक पैसा कमी होणार नाही." ती माझ्या शेवटच्या भावापेक्षा जास्त निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मी न भांडता पैसे मोजले. त्याने पात्यांचा एक जोड वर टाकला आणि हॉटेलच्या पिकअपमधून गाडी घरी पोचवली.

आता आमचा कोकणी शहाणपणा ऐका. गाडी दारात आली आणि मी तिच्यावर चादर घालून ठेवली. आमच्याकडे गवत पोटरीएवढं वाढून पिवळं पडायला लागल्याशिवाय त्याला कोण हात लावतो? कोवळं गवत कापणं म्हणजे कोवळे आंबे पाडणं. दिवाळीच्या सुमारास सडा एकदा कापायचा, भारे बांधायचे, वर्षभर गुरांना घालायचे. मी उम्म यूसुफच्या पाइपने रोज पाणी दिलं आणि गवत वाढताना बघून खूश होत राहिलो. जेवढं उंच, तेवढी माझी मेहनत दिसेल. ईद झाली. यूसुफ यायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी गाडीवर चढलो. रुखसाना आणि शबाना दारात बघायला उभ्या.

पहिल्या खजुरीपर्यंतही पोचलो नाही. गाडी घुसमटली, खालून हिरवा लगदा बाहेर आला, जळक्या रबराचा वास सुटला आणि पट्टा तुटला.

मी टॅक्सी करून हॉटेलवर गेलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाववाला म्हणून गळा कापला, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. डॉमनिकने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गवत केवढं होतं. मी अभिमानाने गुडघ्याला हात लावून दाखवलं. तो पिकअपमध्ये बसला. बुसैतीनला येऊन त्याने ते जंगल बघितलं आणि कुंपणाच्या भिंतीवर बसून हसत सुटला.

"अहो भाऊ, ही हजामत करायची मशीन आहे, भात कापायची नाही. दर आठवड्याला कापायचं, बोटभर. वाढायची वाट बघता?"

पट्टा मी दुकानातून आणू शकत होतो. पण गुडघाभर गवत आधी हाताने उतरवल्याशिवाय गाडी चालणार नव्हती, आणि माझी कंबर वाकत नव्हती. उद्या शुक्रवार. मी पायरीवर डोकं धरून बसलो. ट्रक डोळ्यांपुढे दिसत होते. आणि ट्रकांच्या मागे भाईजानचं दार.

तेवढ्यात रुखसाना उम्म यूसुफच्या घरातून आली. हातात दोन विळे होते, म्हातारीच्या नवऱ्याचे, खजूर छाटायचे. धार बरी होती. तिने ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "तुमच्या कातळावरचं गवत इतकी वर्षं कोण कापत होतं असं वाटतं तुम्हाला?" ती उकिडवी बसली आणि मुठीमुठीने कापत सरकायला लागली, आमच्या बायका सरकतात तशी. थोड्या वेळाने फाटक वाजलं. उम्म यूसुफ आली, अबाया सावरला आणि दुसरा विळा घेऊन तिच्या शेजारी बसली. डॉमनिकने पट्टा बसवला. शबाना गवत गोळा करत होती. मी, घरातला एकटा पुरुष आणि गाडीचा मालक, सगळ्यांना पाणी देत होतो.

जूनचं ऊन होतं. दुपारी आत बसलो आणि ऊन कलल्यावर पुन्हा लागलो. तरी पूर्ण झालं नाही. शुक्रवारी पहाटे फजरच्या नमाजानंतर पुन्हा दोघी बसल्या आणि मागून मी गाडी फिरवायला लागलो. यूसुफ आला तेव्हा अर्धं आवार न्हाव्याकडून आल्यासारखं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात त्याची आई हातात विळा घेऊन बसली होती.

त्याचा चेहरा बघून मी समजलो की खलास. तो आईवर अरबीत चढ्या आवाजात बोलायला लागला. भाडेकरूने तुला मजुरीला लावलं का, असं काहीतरी. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. आधी त्याला अरबीत गप्प केलं. मग मलाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, "ये आदमी चिल्लाता बहुत है. लेकिन तेरे बाप का घास मरने नहीं दिया."

रुखसानाने बांधलेल्या भाऱ्यांकडे यूसुफने बघितलं. म्हातारीच्या मेंढ्या मागच्या बाजूला त्यावर ताव मारत होत्या. मग तो गाडीपाशी आला आणि विचारलं, ही चालते का. मी उतरलो. पांढरा शुभ्र पायघोळ थोब घातलेला तो माणूस सीटवर बसला, खजुरींना दोन वळसे घातले आणि तिसऱ्याला हसायला लागला. उतरल्यावर म्हणाला की एक वर्ष राहा, पण भाडं वाढेल. मी माझ्या मूळ स्वभावावर आलो. वाढ घालवली, दोन वर्षांचा करार मागितला आणि मिळवला. रुखसाना पाठीमागून हळूच म्हणाली की आता पुरे, नाहीतर ट्रकसुद्धा मागाल.

त्या सुट्टीत कुणी कुठे गेलं नाही. करार पुढे वाढत गेले. उम्म यूसुफला हिरवं गवत मिळतं, मला मेंढीचं दूध. डॉमनिक शुक्रवारी येतो आणि माझ्या कापण्यात चुका काढतो.

भाईजानवरचा राग गेला, असं मी लिहिणार नाही. गेल्या रजेत गावी गेलो होतो. शबाना खळ्यात बसून मला म्हणाली, "अब्बा, हू इज कटिंग द ग्रास?" भाईजानने विचारलं काय म्हणते. मी सांगितलं. ते सगळ्यांसमोर हसले, "म्हणजे गवत कापायला बहरीनला गेलास?" पूर्वी मी तिथेच भांडण उकरलं असतं. या वेळी म्हटलं, "हो. पण बसून कापतो." सगळे हसले आणि भाईजानही हसले. कातळ अजून माझ्या नावावर आहे, आणि वाटणी अजूनही चुकीची आहे. पण पोरगी ज्या गवताची काळजी करत होती ते समुद्रापलीकडचं होतं, एवढं मला त्या खळ्यात बसून कळलं.

व्हिसाची तारीख आली की अजूनही छातीत धडधडतं. घर आमचं नाही, जमीन आमची नाही, गवतसुद्धा यूसुफच्या बापाचं. तरी मागच्या महिन्यात एक पठाण कॉन्ट्रॅक्टर फाटकात थांबला. शबाना गाडी फिरवत होती. त्याने गाडी निरखली, आवडली, आणि विचारलं कितीला द्याल. माझ्या दुकानात रंगाच्या ब्रशपासून गल्ल्याच्या पेटीपर्यंत भाव नसलेली एकही वस्तू नाही. तो थांबला, पुन्हा विचारलं, स्वतःच एक आकडा बोलला आणि मग तो वाढवलाही. आकडा वाईट नव्हता.

मी त्याला आत बोलावलं, खजुरीखाली खुर्ची दिली, चहा पाजला. भाव सांगितला नाही.