खांबला राहिलेला व्याही

मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो आणि एवढ्या वर्षांत फक्त एकच प्रवासी वाटेत विसरलो. तो पुढे माझा व्याही झाला.

हे मला कळलं ते आमच्या केतकीचं लग्न ठरल्यावर. आम्ही पेणहून तिच्या सासरी पहिल्यांदा चहापोह्याला गेलो होतो. घर वरशाला, रोह्याला लागूनच. नवी सोसायटी, लिफ्ट चालू, माणसं चांगली. व्याही दामोदर घरत कंपनीत सुपरवायझर होते. रिटायर झाले तरी घरात शिफ्टप्रमाणेच वागत. चहा चार वाजता म्हणजे चारला. बायको चार वाजून पाच मिनिटांनी चहा घेऊन आली तर घड्याळाकडे बघत.

भिंतीला शोकेस होतं. त्यात कंपनीने दिलेल्या ढाली, पेले, शाली नीट मांडलेल्या आणि बरोबर मधोमध ताटाएवढी जागा मोकळी.

"ही जागा कसली ठेवलीय?" मी विचारलं. (माणसाने काही प्रश्न विचारू नयेत. पण बत्तीस वर्षं 'कुठे जायचंय' विचारून जिभेला सवय लागलेली.)

"घड्याळाची," घरत म्हणाले. "नोकरीत एकदापण लेट झाला नाय, त्याला रिटायर होताना कंपनी भिंतीवरचं घड्याळ द्यायची. मला नाय मिळालं. एक लेट मार्क हाय माझा. एकच. आणि तो पण माझा नाय, एका कंडक्टरचा."

माझा पोह्यांचा चमचा थांबला.

"पेणला सासुरवाडीला गेलो होतो. सकाळच्या पहिल्या गाडीने परत येतोय, तर वाटेत खांब गावाला गाडी तापली. ड्रायवर पाणी ओतत होता, म्हटलं तेवढ्यात आपण मोकळं होऊन येऊ. झाडामागून ऐकतोय तर टण टण! गाडी गेली. मी पळतोय मागनं, कोण बघतो? माझा डबा पण गेला गाडीतनं. सासूबाईंनी वालाचं बिरडं दिलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या दिल्या होत्या."

मी चमचा बशीत ठेवला. कारण ते बिरडं मी खाल्लं होतं. ड्रायव्हरने निम्मं आणि मी निम्मं, रोह्याच्या स्टँडवर बसून. खरं तर सापडलेली वस्तू आगारात जमा करायची असते. आम्ही डबा जमा केला. फक्त धुऊन केला.

हा किस्सा मी लग्न-मुंजीत, बारशात, एकदा तर तेराव्याला रंगवून सांगितलेला आहे. शेवटी म्हणायचो, "अरे, कंडक्टरला सांगून उतरायला काय होतं? चूक प्रवाशाचीच." लोक पोट धरून हसायचे. केतकीला तो पाठ, माझ्या बायकोला, सुलभालाही पाठ. तिने पोह्यांच्या बशीवरून नजर न हलवता टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

"आता दिसला तर ओळखाल का हो?" तिने घरतांना गोड आवाजात विचारलं.

"चेहरा नाय. मोठी मिशी होती, तेवढं आठवतंय. पण आवाज? आवाज कानात बसलाय. 'पुढे सरका, पुढे गाडी रिकामी हाय!' परत ऐकू दे, पाताळातनं ओढून काढीन त्याला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही पण एसटीतच ना? कशात होता?"

"आगारात," मी कुजबुजलो. "कागदपत्रं." (तिकीट हा कागदच असतो.)

माझी मिशी रिटायरमेंटनंतर गेली होती आणि केस त्याच्याही आधी, म्हणून निभावलं. पण मला खरंच घाम फुटला. लग्न मोडलं नसतंच कदाचित. पण तिथे माझी पोर जन्मभर 'त्या कंडक्टरची मुलगी' म्हणून नांदणार आणि शोकेसमधली ती मोकळी जागा रोज तिच्या डोळ्यांसमोर, हे काही मला सोसवेना. आणि कुठेतरी लाजही वाटली. इतकी वर्षं ज्याच्यावर लोकांना हसवलं, तो माणूस मागून पळत होता हे मी कधी मनातच आणलं नव्हतं.

निघताना घरतांनी बॉम्ब टाकला. "पुढच्या रविवारी जोडीने या. खाली पिकलबॉलचं कोर्ट केलंय. तुम्ही दोघं, आम्ही दोघं. नाय म्हणायचं नाय. व्याह्यांनी एकत्र खेळलं की नातं घट्ट होतं."

मी हो म्हणालो. पिकलबॉल म्हणजे काय, हे गाडीत बसल्यावर केतकीला विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शिकवणी सुरू झाली. दोन खांबांना सुलभाची जुनी साडी बांधून जाळी केली. केतकीने मित्राकडून बॅटी आणल्या, पोळपाटाला मूठ लावावी तशा. चेंडू प्लॅस्टिकचा आणि त्याला सगळीकडून भोकं.

"हा फुकट मिळाला का गो?" सुलभाने विचारलं.

"आई, असाच असतो. आता नीट ऐका. सर्व्हिस खालून मारायची, कमरेच्या खालून, तिरकी, समोरच्या चौकटीत. ती एकदा टप्पा पडल्यावरच परतवायची. ती परत आली की आपणही एकदा टप्पा पडू द्यायचा. मग हवेत मारलं तरी चालतं."

"कुठूनही?" मी विचारलं.

"नाही. जाळीजवळची ही पट्टी आहे ना, हिला किचन म्हणतात. किचनमध्ये उभं राहून हवेतला चेंडू मारायचा नाही. मारला की पॉइंट गेला."

"किचनमध्ये उभं राहायचं नाही," सुलभा म्हणाली. "हा खेळ मला आवडला."

मग गुण. ते तीन आकड्यांत. आधी आपले, मग त्यांचे, मग आपल्यातला कितवा माणूस सर्व्हिस करतोय ते. आणि ते सर्व्हिस करण्याआधी मोठ्याने म्हणायचे. मी पहिलाच आकडा म्हटला तर वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या. माझा आवाज असा आहे. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत जायचा, त्याला पार्किंग म्हणजे काय!

केतकीने बॅट खाली ठेवली. "बाबा, तुम्ही रविवारी तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. आईने गुण म्हणायचे. तुमचा घसा बसलाय."

"आणि चेंडू आला तर 'मी घेतो' कसं म्हणू?"

"म्हणू नका. घ्या."

खेळात मात्र मी तितकासा वाईट नव्हतो. पाय फाकवून उभं राहायची सवय होती आणि वडखळच्या खड्ड्यांतून गाडी उडत असताना सुट्टे पैसे न सांडणाऱ्या माणसाला चेंडू अडवणं जड नाही. माझी एकच खोड होती. मी मागेच उभा राहायचो, दाराशी राहावं तसा.

"बाबा, पुढे सरका," केतकी ओरडायची. "पुढे सरका. अजून पुढे."

सुलभा हसून खाली बसली. "जन्मभर लोकांना छळलंत ना? आता सरका."

रविवार उजाडला. ऑक्टोबरचं ऊन आणि माझ्या गळ्याला लोकरी मफलर. सुलभाने व्याह्यांना सांगितलं, "ह्यांचा आवाज अगदी बंद आहे. डॉक्टरांनी बोलायचं नाही सांगितलंय. गुण मी म्हणेन."

"मेडिकल ग्राउंड. मंजूर," घरत म्हणाले. त्यांनी पांढरे बूट, पांढरी टोपी, मनगटावर घामाचा पट्टा, असा पूर्ण युनिफॉर्म घातला होता. विहीणबाई, शालिनीताई, पंजाबी ड्रेसवर शिट्टी अडकवून आल्या होत्या. बघायला सोसायटीतली पाच-सहा माणसं आणि गेट सोडून आलेला वॉचमन.

अकरा गुणांचा खेळ. केतकीने कानात सांगितलं होतं की व्याह्यांशी जिंकायचं नाही, त्यांचा मान. मी मनापासून हरायचा प्रयत्न करत होतो. पण हरायलासुद्धा खेळ यावा लागतो. मी चेंडू मुद्दाम बाहेर मारायला जावं तर तो बॅटच्या कडेला लागून बरोबर रेषेवर पडायचा. एकदा मी घाम पुसायला मफलरचं टोक उचललं, चेंडू माझ्या बॅटवर येऊन आपटला आणि जाळीपलीकडे मेल्यासारखा पडला.

"वा! काय ड्रॉप टाकलात!" घरत म्हणाले. मी मान हलवली. बोलायचं नव्हतं.

इकडे सुलभा हरायचं विसरून गेली होती. पापड लाटून तिचं मनगट असं तयार की शालिनीताईंना चेंडू दिसतच नव्हता. ती गुण म्हणताना तिचा आवाज चढत चालला आणि मी तिला डोळे वटारून, मान हलवून हलवून खुणावत होतो की अगं, मान! मान! तिला वाटलं, मान दुखतेय.

दहा-नऊ. आम्ही दहा. सर्व्हिस सुलभाची. मी जाळीकडे सरकलेलो, केतकीने शिकवलं होतं तसा, पट्टीच्या जरा मागे. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, दहा-बारा वेळा गेला. मफलरच्या आत माझं डोकं शिजत होतं. तेवढ्यात घरतांनी चेंडू हळूच आमच्या किचनमध्ये टाकला, सुलभाच्या बाजूला. आणि सुलभा पार मागे, दाराशी. माझ्यासारखीच.

पुढे काय झालं ते मी ठरवून केलं नाही, देवाशपथ. बत्तीस वर्षांची नोकरी तोंडातून बाहेर पडली.

"पुढे सरका! पुढे सरका, पुढे गाडी रिकामी आहे!"

सगळे सरकले. शालिनीताई दोन पावलं पुढे आल्या. बघणारी माणसं रेषेपर्यंत आली. वॉचमन तर कोर्टातच आला. एकटी सुलभा जागची हलली नाही. (चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या आवाजाचा तिच्यावर परिणाम व्हायचा बंद झालाय.) शेवटी मीच धावलो, टप्पा पडलेला चेंडू कसाबसा उचलला आणि तो संथपणे जाळीपलीकडे गेला. तिथे घरत उभे होते. किचनच्या बरोबर मध्यावर, गाडीत सरकावं तसे अंग चोरून. त्यांनी चेंडू हवेतच सणकन मारला.

शालिनीताईंनी शिट्टी वाजवली. "किचन! पॉइंट त्यांचा. मॅच त्यांची."

कोणी टाळी वाजवली नाही, कारण घरत हललेच नव्हते. ते आपल्या पायांकडे बघत होते. मग माझ्याकडे.

"परत बोला," ते म्हणाले.

मी केतकीकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. मग मी मफलर काढला. आता लपवायला उरलंच काय होतं?

"पुढे सरका," मी म्हणालो. हळू म्हणालो, तरी ऐकू सगळ्यांनाच गेलं.

"खांब?"

"खांब."

"डबा?"

"बिरडं फार छान होतं हो," मी म्हणालो. "चुकलं माझं. माणसं न मोजता बेल मारली मी. आणि वर इतकी वर्षं तुम्हालाच हसलो."

घरत तडक लिफ्टमध्ये शिरले आणि वर गेले. केतकीचा चेहरा पांढरा पडला. मला तर वाटलं, आता सुपारी परत येते. शालिनीताई मात्र पदर नव्हता म्हणून ओढणीचा बोळा तोंडात धरून हसत होत्या. "माझ्या आईचं बिरडं," एवढंच त्यांना म्हणता येत होतं.

घरत खाली आले ते कोरा कागद, पेन आणि लिहायला पॅड घेऊन.

"लिहून द्या," ते म्हणाले. "सही करा. बिल्ला नंबर टाका."

मी बाकावर बसून लिहिलं. 'सदर प्रवासी माझ्या हलगर्जीपणामुळे खांब येथे राहिले. उशीर झाला तो त्यांचा दोष नाही. ते वेळेवर निघाले होते.' खाली सही केली, बिल्ला नंबर घातला. घरतांनी कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला एकदम मिठी मारली. घामाने दोघंही चिंब होतो. कागदाला फ्रेम झाली आणि ती शोकेसमधल्या मोकळ्या जागेत बसली. आजही आहे. पाहुणा आला की चहाआधी त्याला ती वाचावी लागते.

लग्न रोह्याला झालं. आदल्या दिवशी आमच्या वऱ्हाडाला न्यायला व्याहीबुवा स्वतः एसटीची बस ठरवून पेणला आले. माझा हात सोडत नव्हते. वाटेत खांबला त्यांनी बस थांबवली. "चहा घेऊ. व्याहीबुवा, तुम्ही उतरा पहिले, मान तुमचा."

मी उतरलो. फेटा बांधलेला, कोट घातलेला. टपरीवर चहाचा पहिला घोट घेतला आणि मागून आवाज आला. टण टण.

वळून बघतो तर बस निघालेली. खिडकीतून घरत घड्याळ दाखवत होते. त्यांच्या मागच्या खिडकीतून सुलभा हात हलवत होती. मी फेटा धरून पळालो, कोण बघतो?

पाऊण तासाने दुसरी एसटी आली. कंडक्टर तरुण मुलगी होती. तिने माझ्या फेट्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं.

"इथे कसे काय, काका?"

"गाडी सुटली," मी म्हणालो. "चहाला उतरलो होतो."

"मग कंडक्टरला सांगून उतरायला काय होतं?" तिकीट फाडत ती म्हणाली. "चूक तुमचीच. आणि दारात नका उभे राहू. पुढे सरका, पुढे गाडी रिकामी आहे."

मी सरकलो.