हिरवा पडलेला हंडा

आमच्या पेडगावात उसनी दिलेली वस्तू परत आली, की आधी ती उलटी करून बघतात आणि मग आणणाऱ्याला पाणी विचारतात. आई त्यातली म्होरकी. मीही तिचाच मुलगा. ताडकळसच्या शाळेत विज्ञान शिकवतो, आणि दोन पोरांची उत्तरं सारखी आली की कोण कुणाशेजारी बसलं होतं ते आधी आठवून बघतो.

चुलतबहिणीच्या लग्नात पाणी तापवायला आईनं काकूला आपला तांब्याचा हंडा दिला. काकूकडे तसलाच एक होता, पण त्यात ज्वारी भरलेली. लग्न उरकलं, काकूच्या घरचे सगळे ऊसतोडीला गेले आणि हंडा बंद घरात खताच्या गोण्यांशेजारी ओलीत पडून राहिला. परत आला तो हिरवागार होऊन.

"हा माझा न्हाई," आई म्हणाली. "माझा मोडीत घातला आन् ह्यो कुठला तरी आणून दिला."

काकूच्या कानावर हे गेलंच. तिनं आमच्या ओट्यावर पाय ठेवणं सोडलं. मला धास्ती त्याचीच होती. आई एकटी राहते, मी सुट्टीला येतो. ऊसतोडीचे महिने सोडले तर तिनं गोळी घेतली का, चूल पेटवली का, हे बघणारी काकूच. ती आली नाही तर आईकडे बघणारं कुणीच नव्हतं.

मी आईला समजवायला बसलो. म्हटलं, तांबं खाणीतही बहुतेक असंच सापडतं, हिरव्या नाहीतर पिवळट दगडात. जमिनीत हवा असते, पाणी असतं, गंधक असतं. बहुतेक धातू तिथं एकटे राहत नाहीत, कशाशी तरी जुळतात आणि जुळले की निवांत होतात. आपण भट्टी लावून त्यांना जबरदस्तीनं वेगळं काढतो. ओल आणि खत मिळालं, की तांबं पुन्हा जुळायला लागतं. लोखंड गंजतं तेही असंच. सोनं तेवढं सहसा कुणात मिसळत नाही, म्हणून ते सोन्याच्याच रूपात सापडतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "मास्तर झालास," ती म्हणाली, "पन तू तिच्याकडून बोलायलास."

शेवटी मी हंड्यावरचं नाव घासून उघडं करायचं ठरवलं. दोघी जावांना लग्नात माहेरून सारखेच हंडे मिळाले होते आणि बुडाशी त्या त्या गावाचं नाव ठिपक्यांनी ठोकलेलं होतं, आईच्या हंड्यावर देवगाव आणि काकूच्या हंड्यावर ताडकळस. आमच्या हंड्यावरचं नाव चुलीच्या काजळीखाली आणि बूड जळू नये म्हणून देतात त्या राखमातीच्या लेव्याखाली कधीच बुजलं होतं. दोघींनाही वाचता येत नाही. काकू माहेरची एसटी पाटी बघून ओळखते, तेवढीच तिची अक्षरओळख.

काकूला बोलावलं. ती ओट्याखालीच उभी राहिली. मी चिंच आणि मीठ घेऊन घासायला लागलो. हिरवं गेलं, काळं गेलं, खालून लाल तांबं निघालं. मग एकेक ठिपका दिसायला लागला.

ताडकळस.

माझे हात थांबले. काकूकडचा हंडा ज्वारीनं भरलेला, तो लग्नात जागचा हललाच नव्हता; म्हणजे घरं वेगळी झाली तेव्हाच वाटणीत हंडे बदलले असणार. इतकी वर्षं आम्ही काकूच्या हंड्यात पाणी तापवत होतो, आणि आईचा हंडा काकूच्या घरात ज्वारी सांभाळत होता. आईचा संशय खरा होता, फक्त चोर आमच्याच घरात निघत होता. खरं वाचलं असतं तर वाटणीपासूनचं सगळं उकरून निघालं असतं, आणि कुणी कुणाला फसवलं यावरच दोघींचं उरलेलं आयुष्य गेलं असतं.

"देवगाव," मी म्हणालो.

आईनं हंडा आपल्याकडे वळवून घेतला. "मंग माझाच हाय," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "धाकटे, वर ये."

मला हायसं वाटलं. काकू वर आली, हंड्यापाशी वाकली. तिचं बोट ठिपक्यांवरून फिरलं आणि पहिल्याच अक्षरावर थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चिंचेचा चोथा गोळा करायला लागलो.

"देवगावच हाय, बाई," ती आईला म्हणाली. मग चुलीपुढची राख घेतली, मातीत कालवली आणि त्या अक्षरांवर जाड लेवा दिला.