कळलावीचा माळ

वाटणीत बायनाबाईच्या वाट्याला माळ आला. वालूरच्या पलीकडचा, नांगर लागत नाही असा खडकाळ तुकडा. "एकल्या बाईला लय झालं," असं धाकटा दीर मुंजाजी चारचौघांत म्हणाला आणि काळी जमीन त्यानं स्वतःकडं ठेवली. बायनाबाई लोकांच्या रानात निंदायला, कापूस वेचायला जात राहिली.

माळावर पावसाळ्यात कळलावीचे वेल माजत. विस्तवासारखी फुलं आणि खाली जहरी कंद. घरात आणली की भांडणं लागतात म्हणून बायका तिला हात लावत नसत. पण परभणीचा एक औषधीवाला तिचं बी विकत घेऊ लागला, तसं बायनाबाईनं शेंगा तोडून पत्र्यावर वाळत घातल्या. दोन सालांत तिनं मजुरी सोडली. हे मुंजाजीच्या डोळ्यांत खुपलं.

"वैनी, वाटणी पुन्ना करावी लागंल," तो ओट्यावर टेकत म्हणाला.

"माळ नको म्हणणारे तुमीच व्हता, भाऊजी."

"तवा नको व्हता." तो हसला. "तसा बी तुमच्या मागं आमचाच हाय की. तुमाला ना लेक, ना लेकरू."

दिवाळीनंतर ती माळावर गेली, तर दोन जागी माती उकरलेली. शेंगा वेलावर तशाच लोंबत होत्या. नेले होते ते कंद.

त्याच दुपारी मुंजाजीची सून राजेश्री वांग्याची भाजी घेऊन आली. त्या घरातून इतक्या वर्षांत वाटीभर ताकही आलं नव्हतं.

"मामंजींनी दिली," ती म्हणाली. मान काही वर केली नाही.

बायनाबाईनं वाटीवर ताटली झाकली आणि तडक पार गाठला. मुंजाजी तिथं माणसांत बसला होता.

"भाऊजी, पयला घास तुमी घ्या."

"आत्ताच जेवलो की."

"आना इकडं, मी खातो," म्हणत शेजारच्या पंडितनं हात पुढं केला. मुंजाजीनं फटकन वाटी उडवली. भाजी मातीत सांडली. एक कुत्रं हुंगत आलं, तर मुंजाजीनंच त्याला दगड घातला.

पंडित आपला हात धोतराला पुसत राहिला.

माळ अजून बायनाबाईच्याच नावावर आहे. पाण्याची घागरसुद्धा ती आता कुलपात ठेवते. मुंजाजी वाटेत भेटला की थांबून, मायेनं विचारतो, "तब्येत बरी हाय न्हवं, वैनी?"