नववीचा वर्ग आणि आमची पोस्टिंग

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. जव्हार.

दिवाळीनंतर इथे काही लिहिलंच नाही... माफ करा. कितीतरी जणींनी 'बरी आहेस ना?' म्हणून विचारलं, त्यांनाही नुसता अंगठा पाठवला. रोज एकच लिहावं लागलं असतं, की दिवसभर वर्गात बोलून घरी आले आणि घरात बोलायला कुणी नव्हतं.

परवा शाळेत एक गोष्ट झाली, म्हणून आज बसले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते. माझे मिस्टर फौजेत सुभेदार आहेत, सध्या आहेत तिथे कुटुंब नेता येत नाही. मुलगी नाशिकला हॉस्टेलवर. मी जव्हारला भाड्याने राहते आणि रोज जीपने मोखाड्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला जाते... तासिका तत्त्वावर.

अंबाला, झाशी, बेळगाव... जिथे गेलो तिथे मी नवी नोकरी शोधली आणि जरा रुळले की सोडली. अनुभवाचे दाखले भरपूर आहेत, पण प्रत्येक ठिकाणी मी नवीनच.

तर परवा मीटिंगमध्ये पुढच्या वर्षीचे वर्गशिक्षक ठरत होते. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, जूनपासून नववी तुम्ही घ्या. आणि दहावीपर्यंत सोडू नका. या पोरांना दरवर्षी विज्ञानाला नवीन बाई बघावी लागते."

मी जराही विचार न करता म्हणाले, "नको सर, जूनमध्ये आम्हाला पोस्टिंग येईल."

"बरं, मग सोमवारपर्यंत दुसरं कुणी बघतो," सर म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

परतताना जीपमध्ये सुनंदा शेजारी होती. ती आमच्याकडे मराठी शिकवते, इथलीच आहे, कुणाची भीड ठेवत नाही. म्हणाली, "बाई, पोस्टिंग तुमच्या साहेबांना येनार ना? मग तुमची आर्डर कोनी काढली?"

समोर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या मावशी, ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्याही हसल्या. मीही हसले... पण ते काही खरं हसू नव्हतं.

क्वार्टर्समध्ये आम्ही सगळ्याच बायका असं बोलतो. 'आमची पोस्टिंग आली', 'आमचं युनिट हललं'. तिथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. आणि यंदा तर ऑर्डर आलेलीही नव्हती. मी नुसत्या सवयीने एक वर्ग नाकारून आले होते.

काल संध्याकाळी यांचा फोन आला. आवाज खूश होता. पोस्टिंग खरंच आली, फॅमिली स्टेशन मिळालं, म्हणजे कुटुंब नेता येईल असं ठिकाण... क्वार्टरही लवकर मिळेल म्हणाले. "आता ये तू. पुष्कळ झालं एकटं राहणं."

हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "आले नाही तर?"

ते हळूच म्हणाले, "का गं? तब्येत ठीक आहे ना?"

मी त्यांना वर्गाचं सांगितलं. सुनंदाचंही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पोरं दहावी होईपर्यंत एकटी राहशील?"

"राहतेच आहे की."

"तू राहशील. मी काय करू त्या क्वार्टरमध्ये? भिंतींना सॅल्यूट मारू?" हसले, पण आवाज उतरला होता. मग म्हणाले, "राहायचंच ठरलं तर क्वार्टर नको म्हणून कळवतो. पण मला आत्ता उत्तर देऊ नकोस. तुझं तू ठरव आणि आधी तुझ्या सरांना सांग."

फोन ठेवल्यापासून स्वतःला विचारतेय... हे खरंच मुलांसाठी आहे का? की पुन्हा सामान बांधायचं, पुन्हा कुणाच्या तरी दारात 'नवीन मिसेस' म्हणून उभं राहायचं, याचाच कंटाळा आलाय? कदाचित दोन्ही असेल. त्यांचा उतरलेला आवाज मात्र डोक्यातून जात नाही.

आजवरचा एकटेपणा ऑर्डरबरोबर यायचा, त्याचा दोष कुणाला तरी देता यायचा. हा मी मागून घेतेय... म्हणून संध्याकाळी घर कमी रिकामं वाटेल असं नाही. आजही तितकंच रिकामं वाटतंय. पण 'तुझं तू ठरव' हे इतक्या वर्षांत कुणीतरी मला म्हणालं, आणि तेही त्यांनीच म्हणावं... याबद्दल त्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. प्रार्थनेआधी सरांना गाठून सांगायचं... नववी मी घेते.