निशीच्या अक्षरातला निबंध

विभा कोल्हे मुळात वाईट बाई नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. जळगावला बी.कॉम. झाली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या विमा कंपनीतल्या बदल्यांमागे फिरत फिरत जयपूरला मुरलीपुऱ्यात येऊन थडकली. कौशिक आठवड्यातले चार दिवस दौऱ्यावर. परक्या गावात एकुलती एक मुलगी वाढवायची म्हणजे विभाचा जीव सदा टांगणीला. निशिगंधाची शाळेची बस दहा मिनिटं उशिरा आली, तरी ही कोपऱ्यावरच्या किराणावाल्या भैयाला विचारून यायची.

जयपुरातल्या मराठी मंडळींचं एक छोटं मंडळ होतं. ते दरवर्षी मुलांचं हस्तलिखित काढायचं. प्रत्येक मुलाने स्वतःच्या अक्षरात एक पान लिहायचं, मराठीतून. मुलं हिंदीत वाढलेली, तेव्हा संपादक मनोहरकाका आयांना बजावून ठेवायचे, "एकदा तुमच्या नजरेखालून घाला हो. नाहीतर अर्धं हस्तलिखित हिंदीत निघतं."

यंदाचा विषय होता, आवडलेलं पुस्तक. चौदा वर्षांच्या निशीने शाळेच्या लायब्ररीतून आणलेल्या एका इंग्रजी रहस्यकादंबरीवर लिहिलं. डोंगरातल्या एका गावात शाळकरी मुलगी नाहीशी होते. सगळं गाव तिला पळवणारा चोर शोधतं, एका माळ्याला मार बसतो, आणि शेवटी कळतं की तिला कुणी पळवलेलंच नव्हतं. ती चार दिवस शाळेच्या बंद प्रयोगशाळेत एकटी बसून होती.

निशीचा कच्चा कागद विभाने गॅसजवळ उभ्या उभ्या वाचायला घेतला.

"सगळे लोक चोर शोधत होते, पण मला त्या माळ्याचा डर नाही लागला. मला तिच्या आईचा डर लागला. ती आई वाईट नाही आहे. ती फक्त विचारते खूप. कुणासोबत होती, काय खाल्लं, मतलब सगळं. त्या मुलीजवळ स्वतःची एक पण गोष्ट नव्हती, म्हणून ती गायब झाली. मला पण कधी कधी वाटते की चार दिवस कुठे पण जावं. पण मी जाणार नाही, कारण आई रडेल."

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, विभाला कळलं नाही. आधी तिने काय केलं असेल? निशी आंघोळीला गेल्यावर तिचं दप्तर तपासलं. त्यात कंपासपेटी आणि अर्धा पराठा होता. मग तिच्या डोळ्यांपुढे मंडळाचा हॉल आला. हे पान तिथे पन्नास घरांत फिरणार. लोक काय म्हणतील?

तिने पेन घेतलं. आधी 'डर'ची 'भीती' केली, मग 'मतलब' काढलं. इथवर ठीक होतं. पण हात थांबेना. तासाभरात कागदावर एक नवाच निबंध उभा राहिला. आईवडील हे आपले खरे हितचिंतक असतात, त्यांच्यापासून काही लपवल्यास संकट ओढवते, असा संदेश हे पुस्तक देते, वगैरे.

"हे फेअर कर," ती निशीला म्हणाली. "थोडं नीटनेटकं केलंय."

निशीने ते वाचलं आणि फळ्यावरचं उतरवून घ्यावं तसं उतरवायला बसली. मध्येच तिने मान वर केली. "हितचिंतक मतलब?"

"आपलं भलं चिंतणारा."

"अच्छा," म्हणून तिने तो शब्द लिहिला.

रविवारी मुलांनी आपापली पानं हॉलमध्ये वाचून दाखवली. निशीचं झाल्यावर मनोहरकाका खूश. "वा! काय शुद्ध भाषा! काय गं, खरंच तू आईपासून काहीच लपवत नाहीस?"

"आईला माहीत असेल काका," निशी म्हणाली. "निबंध तिचा आहे, अक्षर माझं."

हॉल खदखदून हसला. "वस्ताद आहे हो पोरगी!" शेजारच्या रत्नप्रभाकाकू विभाला कोपर मारून म्हणाल्या. विभाही हसली. त्या हसण्याची लाज तिला रिक्षात बसल्यावर वाटू लागली.

निशी रागावली असती, आदळआपट केली असती, तर विभाने समजूत घातली असती. पण निशी शहाण्यासारखी वागू लागली. शाळेतून आली की दारातच सांगायची, "गौतमीसोबत होते, इडली खाल्ली, बस अकरा मिनिटं लेट, गणिताच्या मॅडम आल्या नाही." विभाला विचारायला काही उरायचंच नाही. सगळा हिशोब मिळायचा आणि पोरगी मात्र हाती लागायची नाही. आठ दिवसांत विभाला तो हजेरीचा सूर ऐकवेना.

तिने कच्चा कागद मागितला.

"फाडला," निशी म्हणाली. "तुझा चांगला होता ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी विभा शहराच्या सोडाला भागात मनोहरकाकांच्या घरी गेली. हस्तलिखिताची शिलाई अजून व्हायची होती. "निशीचं पान परत द्या. ते तिचं नाही."

"अहो ताई, भाषा तर सगळ्याच आया सुधारतात."

"मी भाषा नाही सुधारली काका," ती म्हणाली. तिने हात पुढे केला. काकांनी पान काढून दिलं. "उद्यापर्यंत दुसरं द्या," एवढंच म्हणाले.

घरी येऊन ती आठवून लिहू लागली. एकेक चूक तिनेच खोडलेली, त्यामुळे सगळ्या तिला पाठ होत्या. 'डर लागला' लिहिलं. 'मतलब सगळं' लिहिलं. 'आई रडेल'पाशी आली आणि अडली. त्यापुढे आणखी एक वाक्य होतं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून ते धड वाचलंच नव्हतं, नुसतंच खोडलं होतं.

निशी आली. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून तिने कागद वाचला.

"डर पण ठेवला?"

"तुझाच आहे. मी चुकले निशी. यात मी हात घालायला नको होता." "शेवटी अजून एक वाक्य होतं ना गं?"

"होतं."

"काय होतं?"

निशीने कागदाची घडी घातली. "तुला आठवत नाही तर राहू दे ना, आई. एवढं एक राहू दे."

ती कागद घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं. विभा दाराशी गेली, हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

संध्याकाळी मनोहरकाकांचा फोन आला. "मग, उद्या पान येतंय ना?"

"मला माहीत नाही," विभा म्हणाली. "ती देईल, नाहीतर नाही देणार. मी विचारलेलं नाही."