दोन्ही बाजूंनी सुरू होणारी वही

मी सगळ्यात जास्त कुणाचं देणं लागतो असं विचारलं तर माझ्याकडे एकच नाव आहे, सुमन आहेर. आम्ही त्यांना आहेर बाई म्हणायचो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी पदवीधर झालो, शिक्षक झालो, आज पुरवणीत लिहितोय, या सगळ्याची सुरुवात बाईंपाशी होते. दीड महिन्यापूर्वी त्या नाशिकला राहत्या घरी वारल्या. बातमी शाळेच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर आली. जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली आणि त्या रांगेतच एकाचा मेसेज आला, "रविवारी शोकसभा आहे. बापू दोन शब्द बोलेल. फक्त ते वहीचं काढू नको रे भाऊ, उगाच कशाला."

मी बोललो. त्यांची शिस्त, त्यांचं अक्षर, पोरांवरची माया... सगळं बोललो आणि वहीचं काढलं नाही. घरी येताना माझी मलाच लाज वाटली. आठवीत असताना एकदा मी बाईंच्या बाबतीत असंच सोयीचं बोललो होतो. ही दुसरी वेळ झाली. तिसरी होऊ द्यायची नाही, म्हणून आता वहीचंच लिहितो.

आमचं गाव चांदवडच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत. शाळेची इमारत एकच. सकाळच्या पाळीत आमची मराठी शाळा, दुपारच्या पाळीत उर्दू शाळा. तेच वर्ग, तेच फळे, तेच बाक. आम्ही फाटकातून बाहेर पडायचो तेव्हा ती पोरं आत यायची. आम्ही रस्त्याच्या डाव्या कडेने, ती उजव्या. असं चाला म्हणून कोणी सांगितलेलं नव्हतं. बाकावर कोणी काही कोरलं की आम्ही म्हणायचो, दुपारवाल्यांनी केलं. ते म्हणायचे, सकाळवाल्यांनी. माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, बाजार समितीत हमाल होते. ते ज्या काट्यावर कांद्याच्या गोण्या टाकायचे, त्याच काट्यावर उर्दू शाळेतल्या जुबेरचे वडील तोलाई करायचे. दोघं दिवसभर एकमेकांशी ओरडून बोलायचे, एकाच टपरीवर चहा प्यायचे, पण एकमेकांच्या घराचा उंबरा कोणी पाहिला नव्हता. आणि जुबेर? तो दुपारी माझ्याच जागेवर बसत होता. हे मला आठवीपर्यंत माहीतच नव्हतं.

मी आठवीत असताना एका मिरवणुकीवरून गावात भांडण झालं. दोन दिवस बाजार बंद, शाळाही बंद. शाळा उघडली त्या सकाळी बाईंनी प्रत्येकाच्या बाकाच्या कप्प्यात एकेक शंभर पानी वही ठेवली. दुपारी याच जागेवर जो बसतो, त्याला लिहायचं. काय खाल्लं, कोणाशी भांडलात, कशाची भीती वाटते, काहीही. आम्ही मराठीत लिहायचं, त्यांनी उर्दूत. आणि प्रत्येकाने आठवड्यातून एक ओळ समोरच्याच्या लिपीत. वही संपत येऊन ज्या जोडीची गाठ मधल्या पानावर पडेल, ती जोडी शनिवारी शाळेत समोरासमोर बसून ते पान मिळून लिहिणार. उर्दू शाळेच्या अन्सारी सरांशी त्यांनी हे आधीच ठरवलेलं होतं. स्वतः त्या पन्नाशीत त्यांच्याकडून अलिफ-बे शिकत होत्या.

दुसऱ्याच दिवशी मी वही घेऊन बाईंकडे गेलो. "बाई, याला कळलंच नाही. ह्यानं शेवटून लिहिलंय. उलटी वही धरली."

बाईंनी वही हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "त्याच्या बाजूनं बघ. तूच शेवटून लिहिलंयस."

मी खरंच जाऊन जुबेरच्या बाजूने वही उघडून बघितली. उर्दू उजवीकडून लिहितात, म्हणून त्याचं पहिलं पान ते माझं शेवटचं. आज मी शिक्षक म्हणून कितीतरी प्रशिक्षणांना बसलोय, पण दुसऱ्याच्या बाजूने बघणं म्हणजे काय हे मला कोणी याहून कमी शब्दांत शिकवलेलं नाही.

आठवड्याच्या ओळीत मी आधी माझं नाव लिहायला शिकलो. 'प'च्या खाली तीन ठिपके असतात आणि 'ब'च्या खाली एक. मी घाईत दोन्हीकडे एकेकच द्यायचो. जुबेरने समासात मराठीत लिहिलं, "तीन ठिपके दे. नाय तर तू बाबू होशील. बाबू आमच्या बोकडाचं नाव आहे." मी लिहिलं, "मग बोकडाला माझा नमस्कार सांग." त्यानंतर महिनाभर त्याची प्रत्येक नोंद बोकडाच्या ख्यालीखुशालीने सुरू व्हायची. त्याचं उर्दू मला अडलं की बाई वाचून द्यायच्या. बकरी ईदच्या आठवड्यात मात्र त्याने तीन दिवस काहीच लिहिलं नाही. चौथ्या दिवशी एकच ओळ होती, "मी पण रडलो." आमच्याकडच्या मोठ्यांना त्यांच्याबद्दल पुष्कळ काही माहीत होतं. एवढंच माहीत नव्हतं.

मग वही घरी सापडली. कप्प्यातच ठेवायची असा नियम होता, पण मला बोकडाची पानं धाकट्या बहिणीला दाखवायची होती. चूक माझीच. भाऊंनी दप्तरातून वही काढली, उर्दू अक्षरं बघितली. चिडले नाहीत, घाबरले. "आपल्याला कामाला जायचं असतं बापू. लोकं लय बोलतात," एवढंच म्हणाले. पण आळीतल्या कोणीतरी ते पाहिलं, आणि दोन दिवसांत मुख्याध्यापकांच्या खोलीत सात-आठ माणसं जमली. टेबलावर एक कागद टाइप करून तयार होता. त्यावर बाईंनी फक्त सही करायची होती की चूक झाली, यापुढे असा उपक्रम घेणार नाही.

मला वर्गातून बोलावलं. भाऊ कोपऱ्यात उभे होते, खाली बघत. एकाने विचारलं, "सांग रं, बाई जबरदस्ती करत्यात का नाय?"

मी म्हणालो, "हो."

पहिल्या आठवड्यात ती एक उर्दू ओळ लिहायला मी कुरकुर केली होती आणि बाईंनी ती लिहूनच घेतली होती. म्हणजे 'हो' अगदीच खोटं नव्हतं, अशी पळवाट मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला दिली. पण मला काय विचारलं जातंय आणि कशासाठी, हे तेरा वर्षांच्या मला नीट कळत होतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "बापू, पाणी पी आणि वर्गात जा." मग त्या लोकांकडे वळल्या. मी दाराबाहेर थांबून ऐकलं. "मुलाचं उत्तर मुलाचं. माझी सही माझी. ती या कागदावर होणार नाही."

"मग वह्या जमा करा."

"वह्या निम्म्याच माझ्या मुलांच्या आहेत. उरलेल्या निम्म्यांसाठी साडेबाराला या, परवानगी दुपारच्या मुलांकडे मागा."

साडेबाराला कोणी आलं नाही. महिन्याभरात बाईंची बदली मात्र आली, पार सुरगाण्याच्या डोंगरात. त्यांनी निरोप समारंभ घेऊ दिला नाही, "निरोप द्यायला मी काय पळून चालले आहे?" असं विचारलं म्हणे. उपक्रम बंद पडला. बाईंच्या शेवटच्या दिवशी मी कप्प्यात हात घातला तर आमची वही तिथेच होती, जुबेरने माझ्यासाठी ठेवलेली. त्याच्या बाजूच्या शेवटच्या पानावर मराठीत, म्हणजे मला नक्की वाचता येईल असं, लिहिलं होतं, "तू हो का बोलला?" मधली चार पानं कोरी राहिली होती.

दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात बाई सुरगाण्याहून तीन एसट्या बदलून आमच्या घरी आल्या. भाऊ उठून उभेच राहिले. "बाई, त्या वेळचं..." असं काही म्हणायला लागले. बाई म्हणाल्या, "त्या वेळचं राहू द्या. ह्याला नाशिकला अकरावीला घाला. फॉर्म मी आणलाय." डोंगरातल्या शाळेतही वही चालूच आहे, एका बाजूने मराठी आणि दुसरीकडून पोरांची घरची आदिवासी कोकणी बोली, हे त्या आईला चहा पिता पिता सांगत होत्या. बदलीने बाई बदलल्या नव्हत्या, गाव तेवढं बदललं होतं.

मी पुढे सायखेड्याच्या बाजूला एका शाळेत लागलो. तिथे गावठाणातली आणि नदीकाठच्या वस्तीतली मुलं एका वर्गात बसतात, पण एकमेकांकडचं पाणी पीत नाहीत. मी वह्या वाटल्या. लिपी एकच, म्हणून दुसऱ्या जोडीदाराने वही उलटी धरून लिहायची. वर्षभरात माझ्याही टेबलावर कागद आला. "सर, एक सही करा, विषय संपला." मी तो कागद घरी आणला. चार वर्षं झाली त्याला. त्या दिवशी मी सही केली नाही. त्याऐवजी आमची जुनी वही काढली, मधल्या कोऱ्या पानांपैकी माझ्या बाजूच्या पानावर बाईंना पत्र लिहिलं आणि अख्खी वहीच पोस्टाने पाठवली. उत्तर आलं नाही. फोनवर त्या तब्येतीचं बोलायच्या, वर्गाचं विचारायच्या, वहीबद्दल अक्षर नाही.

दहाव्याला त्यांच्या मुलीने वही मला परत दिली. स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांमागे असायची म्हणाली, रोज हात जातो तिथे. मी पत्राचं पान उघडलं. माझं शुद्धलेखन आजही यथातथाच आहे आणि बाई लाल पेन घेतल्याशिवाय काही वाचत नसत. तरी पत्रात त्यांनी एकही चूक दाखवलेली नाही. अख्ख्या पानावर लाल शाई फक्त एका ठिकाणी आहे, माझ्या सहीखाली. दोन ठिपके.

ज्यांना हे प्रकरण नको होतं त्यांच्यासाठी ते पत्र इथे देतो, एक शब्द न बदलता.

"आदरणीय बाईंना सा. न.

आठवीत मला विचारलं होतं की बाई जबरदस्ती करतात का. मी हो म्हणालो होतो. ते उत्तर मी आज परत घेतो. उत्तर नाही असं आहे. कोणी पुन्हा विचारलं तर मी नाही म्हणेन, आणि कोणी नाही विचारलं तरी म्हणेन.

आज मलाही सही मागितली. मी केली नाही. उद्या नव्या वह्या वाटायच्या आहेत.

जुबेरला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. समोरचं पान त्याचं आहे म्हणून कोरं सोडलं आहे. त्याचा पत्ता शोधतो आहे. पान फाडू नका.

सही उर्दूत करतो आहे. बऱ्याच वर्षांनी करतोय, घाईत ठिपके राहिले असतील तर तुम्ही द्या.

तुमचा,
बापू"